मी किती आणि गोळी किती

माझं डोकं सावकाश चालतं. कोणी काही विचारलं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते, मग प्रश्न आत जातो, मग उत्तर निघतं, आणि तोवर विचारणारा दुसऱ्याशी बोलायला लागलेला असतो. हा माझा मूळचा स्वभाव, की शाळेपासून घेतलेल्या फिटच्या गोळ्यांचा परिणाम, हे मला तारुण्याची सगळी वर्षं कळलं नाही. तसं बघायला गेलं तर हा काही जगाला पडलेला प्रश्न नव्हता. लोकांना मी मंद वाटायचे आणि त्यांचं तेवढ्यावर भागायचं. मला मात्र उत्तर हवं होतं. माझ्यातली मी किती आणि गोळी किती, एवढंच कोणीतरी नीट सांगावं.

पहिली फिट आली ती एक्क्याऐंशी साली. मी नववीत होते. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं, शाळा गावातच. सकाळची प्रार्थना चालू होती एवढं आठवतं, आणि त्यानंतर आठवते ती थेट नाकाला लावलेली चप्पल. चप्पल कोणाची होती ते मी नंतर पुष्कळांना विचारलं, कोणी कबूल झालं नाही. जीभ चावली गेली होती, तोंडात रक्ताची चव होती आणि अख्खी शाळा माझ्याभोवती कोंडाळं करून उभी होती. माझ्या हातून काहीतरी भयंकर झालं असणार असं वाटून मी रडायला लागले. तेवढ्यात आई शेतातून पळत आली, हातात फोडलेला कांदा घेऊन. शेतात तेव्हा कपाशी होती. कांदा तिला वाटेत कुठे मिळाला हे मला आजवर कळलेलं नाही.

मग वर्षभर आम्ही चप्पल आणि कांद्यावरच भागवलं. एक भगत झाला, दंडाला ताईत झाला. फिट महिन्यातून दोन-तीनदा यायची. विहिरीवर जायची बंदी, चुलीपाशी बसायची बंदी, घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, चढायची बंदी. आई सारखी मागे. मी पहाटे बायकांबरोबर टमरेल घेऊन निघाले तरी ती थोडं अंतर राखून उभी. मला लाज वाटायची आणि लाज वाटली की मी तिच्यावर खेकसायचे. ती उलट बोलत नसे. नुसती बघत राहायची. तिच्या त्या बघण्याचा मला फिटपेक्षा जास्त राग यायचा, कारण फिट आलेली मला दिसत तरी नसे.

वडील अमळनेरला एका तेलगिरणीत कामाला होते. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. गिरणीतल्या कोणीतरी त्यांना धुळ्याच्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं, आणि एके दिवशी आम्ही तिघं एसटीनं धुळ्याला गेलो. दवाखाना देवपुरात होता, पांझरा नदीच्या पलीकडे. डॉक्टरांच्या खोलीत पेशंटसाठी एक आणि सोबतच्यासाठी एक अशा दोनच खुर्च्या. आई भाकरीची पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. आत डॉक्टरांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले, त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं मला माहीतच नव्हती, कारण ते सगळं मी बेशुद्ध असताना घडलं होतं. मग त्यांनी दोन औषधं लिहिली. एक फेनिटोइन, एक फेनोबार्बिटोन. आम्ही त्यांना पुढे मोठी गोळी आणि बारकी गोळी म्हणायला लागलो.

"झोप येईल," डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीला तोल जाईल. हिरड्या सुजतील, दात घासताना आळस करायचा नाही. पण फिट थांबतील. आणि एक लक्षात ठेवा, फिट थांबल्या म्हणून मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत. एकदम बंद केल्या तर होती त्याहून जोरात येईल."

आबांनी मान हलवली. हे सगळं आबांनी ऐकलं, मी अर्धवट ऐकलं, आणि घरात मला गोळ्या देणार होती ती आई बाहेर बाकावर होती. परतीच्या एसटीत आबांनी तिला सांगितलं ते इतकंच, की सकाळी एक आणि झोपताना दोन.

फिट खरोखरच थांबल्या. पहिला महिना गेला, दुसरा गेला, आम्ही कोणी त्याबद्दल बोललो नाही, दृष्ट लागेल म्हणून. आईनं मला आधी चुलीपाशी बसू दिलं, मग विहिरीवर जाऊ दिलं. एक दिवस मी मागे वळून पाहिलं तर ती मागे नव्हती. मी पाण्याचा हंडा घेऊन एकटी घरी आले आणि मला जग जिंकल्यासारखं झालं. औषधाचा गुण म्हणतात तो हा. पुढे मी गोळ्यांना कितीही शिव्या घातल्या तरी तो हंडा मी विसरले नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कारण शिव्या मी भरपूर घातल्या. दहावीच्या वर्षात मी पुस्तक उघडायचे आणि डोळे मिटायचे. इतिहासाच्या तासाला तर मी मान सरळ ठेवून झोपायला शिकले होते. हिरड्या हळूहळू दातांवर चढल्या. हसले की निम्मे दात झाकलेले, म्हणून मी हसणं सोडलं, आणि हसत नाही म्हणून लोक म्हणायला लागले पोरगी घुमी झाली. वरच्या ओठावर लव दाट झाली. चुलत भाऊ मला फौजदार म्हणायचे. पण या दिसणाऱ्या गोष्टी मी एकवेळ सोसल्या असत्या. मला छळायची ती न दिसणारी. चौथीपर्यंत मी हुशार होते असं मला वाटायचं. पावकी, निमकी, दीडकी मला घडाघडा यायची, मास्तर मला उभं करून म्हणायला लावायचे, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं. आणि आता तेरा सत्ते विचारलं तरी माझी गाडी मध्येच थांबायची. ती हुशार मुलगी कुठे गेली? की ती नव्हतीच, आणि गोळीच्या गुंगीत मी तिला मनानं तयार केली होती?

आणि मग त्र्याऐंशीच्या श्रावणात कानबाई बसली.

खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. श्रावणातल्या रविवारी आमच्याकडे कानबाईची स्थापना होते आणि सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर पोचवतात. सगळे भाऊबंद एका घरात जमतात. त्यासाठी रोट लागतात. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून दळायचे आणि त्याचा स्वयंपाक करायचा. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला त्यातला घास द्यायचा नाही. आमच्या भाऊबंदकीत याला आणखी एक शेपूट होतं. रोटाचे गहू घरात भिजले की देवी नदीवर जाईपर्यंत बाहेरचं काहीही तोंडात घालायचं नाही. दुकानातलं बिस्किट नाही, हॉटेलातला चहा नाही. चुलते तंबाखूसुद्धा सोडायचे, आणि तीन दिवस कोणाशी धड बोलायचे नाहीत.

त्या वर्षी कानबाई थोरल्या चुलत्यांकडे होती. शनिवारी आई मला झोपतानाच्या गोळ्या द्यायला लागली, तेव्हा थोरल्या काकूंनी तिचा हात धरला. आम्ही त्यांना मोठी माय म्हणायचो. त्या वाईट बाई नव्हत्या, उलट माझ्यासाठी त्यांनी नवस केला होता.

"रोट शेतस घरमा," मोठी माय म्हणाल्या. "भाईरनं काई तोंडमा घालानं नही. दवाखानानं ते नहीच नही."

आईनं क्षणभर विचार केला. आबा पुरुषांत बाहेर ओट्यावर बसले होते, त्यांना विचारायला जाणं तिला सुचलं नाही किंवा बरं वाटलं नाही.

"तीन दिन ना," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "कानबाई शे ना घरमा. ती देखी लेई."

आणि तिनं गोळ्यांची पाकिटं भिंतीतल्या देवळीत ठेवून वर वाटी पालथी घातली. मला आनंदच झाला. देवाचं नाव पुढे करून सुट्टी मिळत असेल तर कोणाला नको?

रविवारी दुपारनंतर माझं डोकं उघडायला लागलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. माणसं लांबून बोलायची ती एकदम जवळ येऊन बोलायला लागली. रंग चढले. कानबाईची गाणी बायका म्हणत होत्या, ती मला पुढची पुढची आठवत होती, मी आघाडी घेऊन म्हणायला लागले. जागरणात मला झोप आली नाही आणि तिची आठवणही झाली नाही. चुलत भावांना मी दीडकी म्हणून दाखवली, कुठे अडले नाही. मी हसलेसुद्धा, हिरड्यांसकट. ही मी, असं मला आतून वाटलं. हीच ती हुशार मुलगी, पाकिटावर पालथी घातलेल्या वाटीमुळे बाहेर आलेली. हात थोडे थरथरत होते, पण त्याकडे मी लक्ष दिलं नाही.

सोमवारी सकाळी देवी उठली. डोक्यावर चौरंग, पुढे वाजंत्री, बायका फुगड्या घालत गल्लीतून निघाल्या. मी नाचत होते. उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली, एवढं आठवतं.

त्यानंतरचं मला सांगितलं गेलं ते असं. मी ताठ झाले, ओरडले आणि देवीच्या समोर पडून हातपाय झाडायला लागले. गल्लीत कोणी चप्पल शोधली नाही. कोणी कांदा आणला नाही. "आंगमा उनी, माय आंगमा उनी," असं देवी अंगात आल्याचं बायकांनी सुरू केलं आणि माझ्या कपाळावर हळदीकुंकवाचे सडे पडायला लागले. वाजंत्री थांबली नाही, उलट वाढली. थोरले चुलते पुढे झाले. हात जोडले. त्यांच्या मनात बरेच दिवस बोअरचं घोळत होतं.

"माय, बोर कोठे लेऊ?" त्यांनी विचारलं. "खालना शेतमा का वरना शेतमा?"

मी काहीतरी बोलले म्हणे. काय बोलले त्यावर आजही दोन मतं आहेत. पण चुलत्यांनी वरच्या शेतात बोअर घेतली आणि तिला पाणी लागलं. ही माझी मोठी अडचण झाली. पाणी लागलं नसतं तर गोष्ट तिथेच मिटली असती.

शुद्धीवर आले तेव्हा माझं अंग पिवळंधमक झालं होतं, जीभ फाटली होती आणि चुलते माझ्या पाया पडत होते. तासाभरात पुन्हा फिट आली, घरात. मग आणखी एक. तेव्हा मात्र आईनं किंकाळी फोडली आणि आबांनी जीप मिळवली. धुळ्याला डॉक्टरांनी सुईतून औषध दिलं. मी दोन दिवस झोपून होते. उठले तेव्हा सगळं पुन्हा लांब गेलेलं, आवाज, रंग, पाढे.

"गोळ्या बंद केल्या होत्या?" डॉक्टरांनी विचारलं.

आबा म्हणाले, नाही. आई म्हणाली, हो. आबांनी तिच्याकडे पाहिलं. ती पदराचं टोक पिळत उभी होती. या वेळी डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं, आबांना उभं ठेवलं, आणि पहिल्या वेळचं सगळं पुन्हा तिला सांगितलं. ती ऐकत होती आणि रडत होती, आणि मला कळत नव्हतं की मी कोणाच्या बाजूनं आहे.

घरी आल्यावर दोन पक्ष पडले. मोठी माय म्हणायच्या, "गोळी देईसन देवीले कोंडी ठेवतस तुमीन." आबा शांत माणूस, पण त्यांनी एकदाच विचारलं, "देवी उनी व्हती ते पोरनी जीभ कसाले चावाई गयी?" तरी चुलते पुढे कित्येक वर्षं मला एकटीला गाठून हळूच सल्ला विचारायचे. कपाशी लावू की केळी, अमकीचं स्थळ कसं आहे. मी गोळ्यांवर असायचे, मला काहीच सुचायचं नाही. मी म्हणायचे, बघा तुम्हाला योग्य वाटेल ते. आणि ते समाधानानं जायचे.

माझं मात्र कोणत्याच पक्षाशी जुळेना. देवी आली होती असं मला वाटत नव्हतं. पण त्या रविवारी मी आले होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले असते तो आजाराचाच भाग, मेंदू तापला होता. असेल. पण मग मला आयुष्यात सगळ्यात चांगलं वाटलं ते आजारात, आणि मंद वाटतं ते बरं असताना, याला काय म्हणायचं?

अमळनेरला कॉलेजात गेले. बारावी एकदा गणितात गेली, खापर गोळीवर फुटलं. कुठे बटवा विसरला, गोळी. मैत्रिणीशी भांडण झालं, गोळी. मध्येच एक फिट आली म्हणून डोस वाढवला, तर मला एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या. अमळनेरच्या स्टँडवर धुळ्याच्या दोन एसट्या शेजारी शेजारी उभ्या दिसायच्या. मी डोळे बारीक करून खरी कोणती ते ठरवायचे आणि हात पुढे करून दांडा सापडतो का बघायचे. कंडक्टरला वाटायचं पोरगी पिऊन आली. डॉक्टरांनी रक्त तपासून डोस कमी केला आणि धुळ्याची एसटी एक झाली.

सत्त्याऐंशीत त्यांनी औषधच बदललं. जुन्या गोळ्या हळूहळू कमी करत नेल्या आणि कार्बामाझेपिन सुरू केलं. हिरड्या वर्षभरात खाली उतरल्या. ओठावरची लव विरळ झाली. दिवसा झोप येईनाशी झाली. आबांनी डॉक्टरांना आंबे नेऊन दिले. मी आरशात हसून बघितलं आणि मग पाढे म्हणून बघितले. दात मोकळे झाले होते, डोकं तितकंसं नाही. नव्या गोळीचंही काही असेल, मी म्हटलं. गोळी म्हणजे गोळीच, जुनी काय आणि नवी काय.

लग्न ठरवताना फिटचं मी लपवू दिलं नाही. माझ्या स्वभावात बाकी काही नसलं तरी एवढा आडदांडपणा आहे. दोन ठिकाणी मी चहा देतानाच सांगितलं, आणि दोन्ही ठिकाणचे लोक चहा अर्धा टाकून गेले. आई कपाळाला हात लावायची. तिसरे देवपुरातल्या एका शाळेत मास्तर होते. मी सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "गोळी घेतली की येत नाही ना?" मी म्हटलं, नाही. "मग घेत जा," ते म्हणाले आणि पोह्यांत लिंबू पिळून घेतलं. एकोणनव्वदमध्ये मी धुळ्याला आले. पुढे त्याच शाळेच्या ऑफिसात मला काम मिळालं. सावकाश करायचे, पण चुकायचे नाही.

मुलीच्या वेळी नऊ महिने मी भीतीत काढले. डॉक्टरांनी आधीच बसवून सांगितलं होतं, की या औषधानं बाळाला, त्यातही पाठीच्या कण्याला, थोडा धोका असतो, पण पोटुशी असताना फिट येणं त्याहून वाईट. एक गोळी कमी करून फॉलिक ॲसिडची एक वाढवली. मुलगी झाली ती धडधाकट. मी तिला उलटीपालटी करून तपासली, पाठीवरून बोट फिरवलं. ती ओरडली तेव्हा मला खूप बरं वाटलं.

फिट येऊन बरीच वर्षं झाली होती. चौऱ्याण्णवला डॉक्टर म्हणाले, बघू या थांबवून. एकदम नाही. सहा महिने लावून, तुकड्यातुकड्यानं, आणि तेवढे दिवस गॅसजवळ कोणीतरी सोबत, रस्ता एकटीनं ओलांडायचा नाही. मला त्यांच्या अटी ऐकूच आल्या नाहीत. माझ्या डोक्यात एकच होतं. आता ती येणार. रविवारची ती मुलगी, या खेपेला फिटशिवाय, कायमची.

शेवटचा तुकडा घेतला आणि मी वाट बघायला लागले. सकाळी उठले की आधी पाढे. एक महिना गेला, दुसरा गेला. फिट आली नाही. तीही आली नाही. रंग होते तसेच, आवाज होते तिथेच. दीडकी साडेदहाच्या पुढे अडत होती ती अडतच राहिली. बटवा मी आठवड्यात दोनदा विसरले आणि त्याला जबाबदार धरायला घरात गोळी नव्हती. माझी फार पंचाईत झाली. इतकी वर्षं सगळं तिच्या नावावर टाकलं होतं, आणि आता ती गेली तर माझ्याकडे मीच उरले.

एक बदल झाला. मी जास्त चिडायला लागले. तो मला नाही, नवऱ्याला कळला.

"गोळ्या होत्या तेव्हा तू बरी होतीस," ते एकदा जेवताना म्हणाले.

"तेव्हा ती मी नव्हते," मी म्हटलं. "ही खरी मी."

"असेल," ते म्हणाले. "पण मला दाखवली होती ती दुसरी."

मी ताट सारून उठले, आणि मोरीपाशी जाऊन हसले. माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांनी बिनगोळीची मी कधी पाहिलीच नव्हती. पाहिली होती ती एकाच माणसानं.

म्हणून उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा मी आईला विचारायचं ठरवलं. आम्ही सकाळी ज्वारीचे बिबडे घातले होते. धाब्यावर धोतरं पसरून, त्यावर ओल्या हातानं थापलेले पातळ गोल पापड. वाळत होते, आणि आम्ही दोघी जिन्याच्या सावलीत कावळे हाकत बसलो होतो. माझी मुलगी खाली आबांबरोबर होती. आईचे हात अजून पिठानं भरलेले होते. ती म्हातारी झाली होती, आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं ते मी उन्हामुळे म्हणून सोडून दिलं.

मी तिला विचारलं, की पहिल्या फिटच्या आधी मी कशी होते. हुशार होते का. मास्तर मला उभं करून पाढे म्हणायला लावायचे ते खरं का.

तिनं कावळा हाकला. मग म्हणाली, "माले याद नही."

"असं कसं याद नाही?" मला राग आला. "आई ना तू माझी? चौदा वर्षं होते की मी तुझ्यासमोर, बिनगोळीची."

"नही याद," ती शांतपणे म्हणाली. "पहिली फिट उनी, तवयपाईन मी फक्त तुनं तोंड देखं. आते येस का मंग येस. तेनं पहिलेनं बठ्ठं पुसाई गयं. हुशार व्हती का येडी व्हती, ते देखाले टाईम कोनले व्हता?"

ज्या एका साक्षीदारावर मी इतकी वर्षं विसंबून होते, तिच्यापाशी काही नव्हतं. माझ्या तोंडून नको ते निघालं. मी म्हटलं, मग त्या गोळ्यांचा एवढा सगळा उपयोग तरी काय झाला, मला घुमी करण्यापलीकडे.

आई माझ्याकडे वळली. तिला प्रश्नाचंच नवल वाटलं असावं.

"व्हयना ना उपेग," झालाच की, अशा सुरात ती म्हणाली. "गोळी तू खाये, आन झोप माले लागे."

गोळीनं माझ्यातलं काय नेलं ते मी जन्मभर शोधत होते, आणि दिलं कोणाला हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. पुढचा प्रश्न सुचला तोही नेहमीप्रमाणे उशिरा.

"आणि आता?" मी विचारलं. "आता तर बंद झाल्या."

"बंद व्हयन्यात ना," आई म्हणाली. "तू तिकडे धुयाले, मी आठे. आते परत जागी शे मी."